दक्षाचा पुढचा कोर्स

आमच्या मजल्यावर दोनच दारं, एक माझं आणि एक दक्षाचं, आणि दोन्ही दिवसभर सताड उघडी. मी उंबऱ्याशी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते, ती समोर मशीनवर साड्यांना लेस लावते. तिच्या घरातलं सगळं मला ऐकू येतं, माझ्या घरातलं सगळं तिला. फक्त मी एकटी विधवा बाई, माझ्या घरात ऐकण्यासारखं काही नसतं. म्हणून जे सांगायचं ते तिचंच सांगते.

आधी तिच्या मुलाबद्दल, कारण दक्षाचं सगळं तिथूनच सुरू होतं. जेनिलच्या पायांत जन्मापासून जोर नाही. ताठ होतात, वळतात, उभं राहू देत नाहीत. बोलताना जीभ जरा अडखळते, पण जे बोलतो ते मिरचीसारखं. डोकं तर असं, की सुरतेच्या अख्ख्या वराछा भागात शोधून दुसरं मिळणार नाही. तो आपल्या नेहमीच्या शाळेत जातो, चारचौघांच्या पोरांबरोबर. रिक्षा खाली येऊन उभी राहते आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. बिल्डरने लिफ्टसाठी खड्डा सोडला होता, त्यात आता सगळ्यांच्या जुन्या सायकली पडल्यात. मग पोराला खाली कोण नेणार? नवरा अल्पेश पहाटेच हिऱ्याच्या कारखान्यात जातो. सासरे वशरामबापा गुडघ्याने बेजार. राहिली दक्षा. सकाळी पोराला उचलून खाली, दुपारी उचलून वर, आणि मधल्या वेळात स्वयंपाक, धुणं, लेस.

मागच्या वर्षी तिच्या नणंदेने फोनवर एक कोर्स पाठवला. घरच्या घरी करायचा, महिन्याभरात वजन उतरवायचा. "भाभी, लग्नाच्या फोटोत तुम्ही कशा होतात आणि आता बघा," असं वर लिहिलेलं. नणंदांना देवाने जीभ याचसाठी दिली असावी. त्या कोर्समधली पोरगी काडीसारखी, हसत हसत उड्या मारायची आणि संध्याकाळी जेवू नका म्हणायची. दक्षाने मन लावून सगळं केलं. खालच्या मजल्यावरून निरोप आला की आमचा पंखा पडेल, तरी केलं. वजन उतरलं. सगळ्यांनी वाहवा केली. मी पण केली, खोटं कशाला बोलू.

पण मुलगा वाढत होता आणि आई उतरत होती. यंदाच्या आषाढातली एक दुपार मला आठवते. मी गाठिया घेऊन वर येत होते, तर दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर दक्षा पायरीवर बसलेली, जेनिल मांडीवर, दप्तर बाजूला लवंडलेलं.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही काकी. हात थरथरतायत. जरा बसले."

"मम्मीचं पेट्रोल संपलं," जेनिल म्हणाला. "बंद पडलेली गाडी ढकला जरा, काकी."

आम्ही हसलो. दक्षाही हसली, पण तिचे डोळे भरले होते, आणि मला ते बघवलं नाही.

त्याच संध्याकाळी अल्पेशने विषय काढला. तो माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. दिवसभर घंटीच्या फिरत्या चाकावर मान वाकवून हिरे घासतो, घरी येतो तेव्हा मान सरळ करताना त्याच्या तोंडून आवाज निघतो. तो म्हणाला, "दिवाळीला गावी जाऊ तेव्हा जेनिलला तिथेच ठेवू. बापा पण राहतील. सपाट घर आहे, अंगण आहे, मोठी भाभी आहे."

"आणि शाळा?"

"गावात जेवढी आहे तेवढी."

"गावात चौथीच्या पुढे शाळा नाही."

"मग काय करू मी? उद्या तुझी कंबर गेली तर तुम्हा दोघांना कोण बघणार? खालच्या मजल्यावरचं घर घेण्याची ऐपत आहे आपली?"

दक्षा आत कणीक मळायला गेली. अल्पेशचं खोटं नव्हतं. वशरामबापा मात्र झोपाळ्यावर बसल्या बसल्या खुलले. बायको गेल्यावर त्यांना सुरतला आणलं, तेव्हापासून हा माणूस गावाच्या नावाने झुरतो. इथे ना शेत, ना ओटा, ना कोणी "सीताराम बापा" म्हणणारं. नातू आणि गाव एकदमच मिळणार म्हटल्यावर त्यांनी त्या दिवशी ताक दोनदा मागून घेतलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात सून सासऱ्यापुढे डोक्यावरची ओढणी पार हनुवटीपर्यंत ओढते आणि त्यांच्याशी बोलत नाही. सासराही सुनेशी थेट बोलत नाही. सुरतेत येऊन पुष्कळ घरांनी हे सोडलं, पण वशरामबापांच्या घरात होतं तसंच चालू होतं. बारा वर्षं. बापा बाहेरून आले की जिन्यातच मोठ्याने खाकरायचे, म्हणजे सुनेला डोकं झाकायला वेळ मिळावा. हा त्यांचा मान राखायचा रिवाज, आणि त्यात ते कधी चुकले नाहीत. आणि दोघांमधलं सगळं बोलणं जेनिलमार्फत जायचं. दोघं एकाच खोलीत, एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकू येतोय, तरी निरोप पोराच्या तोंडून. आणि पोरगं प्रत्येक निरोपाला स्वतःचा मसाला लावणार.

तर दक्षाने ठरवलं की दिवाळीच्या आत अंगात जोर आणायचा. नवऱ्याशी भांडून उपयोग नाही, पोराला न थांबता वर नेऊन दाखवायचं. म्हणून पुढचा कोर्स कुठला, हा प्रश्न आला. आणि तिची चूक एवढीच की तिने तो खाली पार्किंगमध्ये बाकावर बसलेल्या बायकांसमोर काढला.

"गरब्याचा कर," एक म्हणाली. "नवरात्र दोन-तीन महिन्यांवर आलीय. व्यायामही होईल, नवे ठेकेही येतील."

"योगासनं कर, मन शांत राहतं."

"मन शांत राहून काय करू? पोरगं उचलायचंय," दक्षा म्हणाली.

"अगं, मग तो उड्यांचाच परत कर. मागच्या वेळी किती छान उतरली होतीस!"

सगळ्या उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या. एकीलाही पोर उचलून जिना चढायचा नव्हता. मी गप्प बसेन तर लाभु कसली? म्हटलं, "ज्याचं जळतं त्याला कळतं. तिला बारीक व्हायचं नाहीये, बायांनो. तिला हमाल व्हायचंय." त्या हसल्या. दक्षा हसली नाही. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी तिला हवी ती वस्तू दुकानातून काढून दिली.

फोनवर शोधता शोधता तिला जामनगरची एक बाई सापडली. चांगली जाडजूड, साडी खोचलेली, दोन पोरांची आई. ती उड्या मारत नव्हती. ती तेलाचा डबा उचलत होती. खाली बसायचं, डबा छातीशी धरायचा, उभं राहायचं. परत बसायचं. "बहिणींनो, पोटभर खा," असं ती दर दिवशी शेवटी म्हणायची. हे ऐकूनच मला ती बाई आवडली. शेंगदाणा तेलाचे डबे तर आमच्याकडे घराघरांत वर्षाचे भरून ठेवलेले. खर्च काहीच नाही.

नणंदेला कळलं, तिचा फोन आला. "भाभी, खांदे पुरुषासारखे होतील."

"होऊ देत," दक्षा म्हणाली. "पुरुष घरी नसतोच."

अडचण एकच. डबा घेऊन बसायला-उठायला जागा फक्त बाहेरच्या खोलीत, आणि तिथे बापांचा झोपाळा. सासऱ्यापुढे सून उठाबशा कशा काढणार? म्हणून बापा सकाळी मंदिरात जायचे, तेवढ्या वेळात ती उरकायची. जेनिलची रिक्षा त्यानंतर यायची, तो खाली सतरंजीवर बसून मोजायचा आणि चिडवायचा. तिकडे जिन्यात खाकरणं ऐकू आलं की डबा आत, ओढणी तोंडावर.

पण म्हाताऱ्यांना काही कळत नाही असं थोडंच असतं? एका सकाळी बापांनी विचारलंच. मी समोर टिकल्या लावत होते, सगळं ऐकलं.

"जेनिल, तुझ्या आईला विचार, तेलाचा डबा रोज जागचा हलतो कसा?"

"मम्मी, बापा विचारतायत, डब्याला फिरायला का नेतेस?"

ओढणीच्या आतून बारीक आवाज आला, "सांग, व्यायाम करते."

"बापा, मम्मी पैलवान होणार आहे."

बापांचा झोपाळा थांबला. मग परत हलला. "सांग तिला, पैलवानाला बाजरीचे रोटले जास्त लागतात. उपास करत जाऊ नको म्हणावं."

"मम्मी, बापांना आणखी एक रोटला हवाय."

"मी असं कुठे म्हटलं रे, वात्रटा!" बापा ओरडले, आणि ओढणीच्या आत दक्षा हसत होती, ते तिच्या खांद्यांवरून मला दिसलं. बापांनाही दिसलं असणार. रोटला तिने वाढलाच, लोणी घालून, आणि त्यांनी मुकाट खाल्ला.

नवरात्र संपली. दक्षाचं अंग भरलं, चेहऱ्यावर तजेला आला. दुपारी ती जेनिलला घेऊन वर यायची, तेव्हा मला तिच्या पावलांचा आवाज ऐकायची सवय लागली. दुसऱ्या मजल्यावर आता नुसता क्षणभर थांबायचा. जामनगरच्या बाईने पुढच्या टप्प्यात सांगितलं, जे खरंच उचलायचं आहे तेच आता उचला. म्हणून डबा गेला आणि जेनिल आला. जेनिलला हे फार आवडलं. "तेलाच्या डब्याला बढती मिळाली," म्हणाला.

त्या सकाळी मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगू शकते. दक्षा जेनिलला दोन्ही हातांवर घेऊन अर्धी खाली वाकलेली, चेहरा लाल, दात आवळलेले. ओढणी खुर्चीवर. मंदिरात काहीतरी रंगकाम चाललं होतं, बापा लवकर परत आले. आणि नेहमीच्या रिवाजाने, सुनेची अडचण होऊ नये म्हणून, जिन्यातून मोठ्याने खाकरले.

दक्षाचा उजवा हात डोक्याकडे गेला.

तिने तो नेला नाही, तो गेला. बारा वर्षं अंगवळणी पडलेला हात तो. डोक्यावर ओढणी नाही, हातावर पोरगं आहे, हे कळायच्या आत जेनिल घसरला आणि त्याची हनुवटी झोपाळ्याच्या पितळी कडीवर आपटली. मी धावले. बापा दारात पोचले तेव्हा दक्षा एका हाताने पोराचं रक्त पुसत होती आणि दुसऱ्या हाताने, काय सांगू, खुर्चीवरची ओढणी ओढून तोंडावर घेत होती. मला तिचा राग आला, बापांचा आला, आमच्या सात पिढ्यांचा आला.

हनुवटीला आणि खालच्या ओठाला टाके पडले. डॉक्टर म्हणाले, काही दिवस फार बोलू नकोस.

अल्पेश संध्याकाळी ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पोराजवळ बसला, त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "दक्षा, बास झालं आता. हा गावी जाईल." ती फक्त मान हलवून आत गेली. दुसऱ्या दिवशी डबा ओट्याखाली गेला आणि फोनवरची जामनगरची बाई बंद झाली. मी तिला म्हटलं, "अगं, तुझ्या हातात जोर कमी पडला नाही. मी पाहिलंय."

"हात तर माझाच सुटला ना, काकी."

जेनिल बोलेना, म्हणून त्या घरातलं टपालच बंद पडलं. बापांना चहा हवा असला तरी सांगणार कोण? नुसते पेला वाजवत बसायचे. मंदिरात जाणंही सोडलं. एकदा माझ्या दाराशी आले. पंचाहत्तरीचा माणूस, डोळे चोरत उभा.

"लाभुबेन, जरा वहूला सांगा... तिचा दोष नव्हता म्हणावं."

मी टिकल्यांचं ताट बाजूला ठेवलं. "बापा, तुमची सून दोन पावलांवर भाजी चिरतेय. मी काय पोस्टात नोकरीला आहे?"

ते वळले. मग परत झोपाळ्यावर जाऊन बसले. मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही.

दिवाळीच्या आधीचा रविवार. कारखान्यांना सुट्टी लागलेली, सगळ्या बिल्डिंगमध्ये गावी जायच्या बॅगा भरणं चाललेलं. अल्पेश घरी होता. दक्षा जेनिलचे थंडीचे कपडे बॅगेत भरत होती, ओढणी तोंडावर, आणि ओढणी नाकाशी ओली झालेली. जेनिल सतरंजीवर भिंतीला टेकून आईकडे बघत होता. मी फराळाचा डबा द्यायला गेले होते आणि निघता निघेना.

बापांनी झोपाळा पायाने थांबवला. "जेनिल," ते म्हणाले, "आईला सांग, थंडीचे कपडे बाहेर काढ. तू गावी राहणार नाहीस. शाळा सुरू होईल तेव्हा परत यायचंय."

अल्पेशने मान वर केली. "बापा, आपलं ठरलंय—"

"आणि सांग तिला," बापा पोराकडेच बघत म्हणाले, "आजपासून माझ्यापुढे डोकं झाकायचं नाही."

आता हे असं आहे की हा बंध सासराच सोडवू शकतो, दुसरं कोणी नाही. माझ्या हातातला डबा मी गच्च धरला. सगळे जेनिलकडे बघायला लागले. त्याने हनुवटीवरच्या पट्टीला हात लावला, आईकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं.

"तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "माझं तोंड शिवलंय."

म्हातारा अवघडला. अल्पेश काहीतरी बोलायला गेला, तर बापांनी हात वर केला. "थांब. मी वहूशी बोलतोय." आणि मग तिच्याकडे वळले. "दक्षा."

बारा वर्षांत त्यांच्या तोंडून तिचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. तिनेही पहिल्यांदाच ऐकलं असणार.

"दीकरी, लेकी, मी खाकरलो म्हणून तुझा हात सुटला. तुझ्यात जोर आहे. मी आत बसून ऐकत होतो रोज, तुझी पावलं वर येताना. मला गावी जायचं होतं, फार जायचं होतं, म्हणून मी गप्प बसलो." त्यांनी झोपाळ्याची कडी घट्ट धरली. "मी पण इथेच राहीन. उचल त्याला. अल्पेशला दाखव."

दक्षा उठली. ओढणी तोंडावरून मागे केली, खांद्यावरून काढली आणि कमरेला गच्च बांधली. रडून रडून सुजलेला चेहरा, बापांसमोर उघडा. ती खाली बसली, जेनिलला छातीशी घेतलं आणि एका झटक्यात उभी राहिली. जेनिलने तिच्या गळ्यात हात टाकले. ती जिना उतरून तळमजल्याला गेली, अल्पेश तिच्या मागोमाग. मी वरून कठड्यावरून वाकून बघत होते.

खाली पोचून ती वळली आणि चढायला लागली. पहिला मजला झाला. तेवढ्यात बापांना राहवलं नाही. गुडघा धरत, कठडा धरत ते दुसऱ्या मजल्यावर उतरून गेले आणि वळणावर बरोबर मधोमध उभे राहिले, दोन्ही हात पुढे पसरून. "दे, दे इकडे, दमली असशील. जरा थांब."

दक्षा घामाने निथळत होती. तिने मान वर केली आणि थेट त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"बापा, वाटेतून सरका!" ती ओरडली. "आता थांबले तर परत उचलवणार नाही मला!"

सासऱ्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. वशरामबापा चपापून भिंतीला चिकटले, आणि ती पोराला घेऊन त्यांच्यासमोरून वर आली.